गाडी विकली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच? मग काय करायचं

गाडी विकून साडेसात महिने झाले होते. रात्री पावणेदोनला फोनवर मेसेज आला, फास्टॅग खात्यातून टोल कापल्याचा. आधी वाटलं, कुणीतरी खात्याला हात घातला. मग गाडीचा नंबर वाचला आणि झोप उडाली. काचेवरचा टॅग मी बंदच केला नव्हता. तोवर गाडी बहुधा शहराबाहेर गेली नसावी, म्हणून कळलं नव्हतं इतकंच.

सकाळी परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून पाहिला. तिथे मालकाच्या नावातली बरीचशी अक्षरं तारकांनी झाकलेली असतात, पण स्वतःचं नाव ओळखायला दोन-तीन अक्षरं पुरतात. नाव माझंच होतं. ज्यांनी गाडी घेतली ते गृहस्थ सज्जन होते, पैसेही एकरकमी दिले होते. फक्त "पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो" म्हणाले होते, आणि तो आठवडा काही उजाडला नाही. मीही "करतील की" म्हणून विसरून गेलो होतो. चूक निम्मी माझी.

तेव्हा जे हेलपाटे घातले त्यातून शिकलेलं हे. तुमची गाडी विकली गेली असेल आणि कागद अडकले असतील तर सरळ "आज काय करायचं" या भागाकडे जा. विकायची असेल तर शेवटून दुसरा भाग आधी वाचा.

कायदा विकणाऱ्याला काय सांगतो

बहुतेक जणांची समजूत अशी, की टीटीओ म्हणजे मालकी हस्तांतरणाच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या की विकणाऱ्याचं काम संपलं, पुढचं घेणाऱ्याने बघायचं. ही गोष्ट निम्मीच खरी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५०मध्ये दोघांनाही काम लावलेलं आहे. गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, जिथे नाव बदलायचं आहे त्या आरटीओला विक्री कळवायची आणि त्याची प्रत घेणाऱ्याला पाठवायची. घेणाऱ्याला त्याच्या अर्जासाठी ३० दिवस आहेत. म्हणजे पहिली पाळी आपली असते. आपण ती घेणाऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होतो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

फॉर्म २९ हीच ती विकणाऱ्याची सूचना. त्यात गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या तारखेला गाडी विकून ताब्यात दिली, हे सगळं येतं. फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज. त्याचा एक भाग विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या संमतीचा. हे दोन्ही कागद आपण सह्या करून, तारखेची जागा कोरी ठेवून, समोरच्याच्या हातात देतो. त्यानंतर आपल्याकडे काय उरतं? काहीच नाही.

आता नाव न बदलल्याने बिघडतं काय? त्याच कायद्याच्या कलम २(३०)मध्ये 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात यावरच बोट ठेवलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली होती, पण आरसी मूळ मालकाच्याच नावावर होती. मी तर केव्हाच विकली, हे त्याचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातग्रस्ताने गाडीच्या खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्यामागचा विचार. आपल्याला कडू वाटला तरी रास्त आहे.

ई-चलान त्यामानाने किरकोळ. खरी भीती अपघाताची, आणि त्यातही विमा संपलेला असताना झालेल्या अपघाताची.

आज काय करायचं

पहिलं काम, गाडीची सद्यस्थिती बघून तिचे स्क्रीनशॉट काढणं. परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी, कर्जाची नोंद आहे का, हे सगळं दिसतं. आरसीच्या तपशिलात ओनर सिरियल, म्हणजे गाडीचा कितवा मालक हा आकडा असतो. तो १चा २ झाला असेल तर नाव बदललंय आणि तुम्ही उगाच घाबरलात. ई-चलानच्या संकेतस्थळावर थकीत दंड बघा. महाराष्ट्रातली गाडी असेल तर राज्याच्या वाहतूक पोलिसांचं चलानचं वेगळं संकेतस्थळ आहे, तेही बघा.

दुसरं काम फास्टॅगचं. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे तो बंद करायची विनंती करा, शिल्लक आणि ठेव परत मागा. बँक दाद देत नसेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही हेल्पलाइन आहे. तुमच्या टॅगवर गाडी फिरत राहणं म्हणजे ती अजून तुमच्याच वापरात असल्यासारखं दिसणं. पण बंद करण्याआधी त्या टॅगचं स्टेटमेंट उतरवून घ्या. विक्रीनंतरच्या तारखांना गाडी कुठल्या टोलनाक्यावर होती आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात, हे पुढे कामाला येऊ शकतं.

तिसरं, घेणाऱ्याला फोन. इथे सूर महत्त्वाचा आहे. दहातल्या बऱ्याच जणांच्या मनात काही काळंबेरं नसतं. आळस असतो, एजंटाने फिरवलेलं असतं, किंवा एखादा कागद अडलेला असतो आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटतो. "दादा, तुमच्यावर एक दंड पडलाय आणि मेसेज मला आलाय, नाव बदलायचं कुठे अडलंय?" असं विचारलं की माणूस बोलतो. माझ्या बाबतीत अडलं होतं माझ्याच मोबाईलवर. अर्ज ऑनलाइन भरताना विकणाऱ्याच्या नोंदलेल्या नंबरवर ओटीपी जातो आणि माझा आरसीवरचा नंबर मी कधीच बंद केला होता. त्यांनी दोनदा प्रयत्न करून नाद सोडला होता. पोर्टलवर मोबाईल नंबर अद्ययावत करायची सोय आहे. तेवढं मी केल्यावर गाडी पुढे सरकली.

फोन झाला की जे ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. "आपलं आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे, दि. अमुक रोजी माझ्याकडून घेतलेली अमुक नंबरची गाडी आपण अमुक तारखेपर्यंत आपल्या नावावर करून घेणार आहात." समोरून नुसतं "हो" आलं तरी त्यात कबुली आहे, की गाडी त्याच्याकडे आहे आणि कधीपासून आहे.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं: आरटीओला लेखी कळवणं. १४ दिवस उलटून गेले असले तरी कळवा. सूचनेला उशीर झाला तरी कळवल्याची तारीख कागदावर राहते. न कळवण्याने तीही राहत नाही. पत्र लांबलचक नको. मी दिलेलं साधारण असं होतं:

"प्रति, मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी. विषय: वाहन क्र. … च्या विक्रीची सूचना. महोदय, माझ्या नावे नोंद असलेले उपरोक्त वाहन, चेसिस क्र. …, इंजिन क्र. …, मी दि. … रोजी सायं. … वाजता श्री. …, रा. …, यांना विकून त्यांच्या ताब्यात दिले आहे. खरेदीदाराने आजतागायत मालकी हस्तांतरणाची नोंद केलेली नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५० अन्वये विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये सोबत सादर करीत आहे. ती अभिलेखावर घ्यावी व खरेदीदारास हस्तांतरण पूर्ण करण्याबाबत कळवावे, ही विनंती. सोबत: विक्री करार, ताबा पावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, बँक व्यवहाराचा उतारा."

हे पत्र दोन ठिकाणी द्या: गाडीची नोंद जिथे आहे त्या आरटीओत आणि घेणारा जिथे राहतो त्या आरटीओत. स्वतः गेलात तर आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. खिडकीवरचा माणूस "याची गरज नाही, समोरच्याला पाठवा" असं म्हणण्याची दाट शक्यता आहे. वाद घालू नका. "साहेब, तुम्ही कार्यवाही करा न करा, मला फक्त पोच द्या" एवढंच म्हणा. तेही जमलं नाही तर पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टनेच, पोचपावतीसह. पत्राची एक प्रत घेणाऱ्यालाही. कायद्यातच तसं म्हटलंय आणि आरटीओला दिलेल्या पत्राची प्रत हातात पडली की बऱ्याच जणांचा आळस झटकला जातो.

आरटीओ अधिकाऱ्याला गाडीच्या नोंदीवर 'व्यवहार करू नये' असा शेरा मारता येतो. काही जण पहिल्याच पत्रात तो मागतात. माझं मत, घाई करू नका. तो शेरा पडला की खुद्द नाव बदलण्याचं कामही अडतं आणि घेणारा उद्या तयार झाला तरी आधी तो काढायला पुन्हा तुम्हीच चकरा मारणार. घेणारा बेपत्ता असेल किंवा गाडी भलत्याच कामाला वापरली जात असल्याची शंका असेल तेव्हा मागावा.

पत्राला उत्तरच आलं नाही तर महिन्याभराने माहिती अधिकारात अर्ज टाका: माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय कार्यवाही झाली? दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. उत्तर काहीही येवो, तुम्ही कळवलं होतं याला खुद्द कार्यालयाचाच दुजोरा मिळतो.

घेणारा दादच देत नसेल तर

वकिलामार्फत नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. त्यात तीन मागण्या: नाव बदला, विक्रीच्या तारखेपासूनचे दंड भरा, आणि पुढे काही दावा माझ्यावर आला तर त्याची भरपाई तुम्ही द्याल हे लेखी कबूल करा. बहुतेक प्रकरणं इथे मिटतात. नाही मिटलं तर दिवाणी न्यायालयात, घेणाऱ्याने हस्तांतरण करून द्यावं असा आदेश मागता येतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३च्या कलम ३९मध्ये तशी सोय आहे. वेळखाऊ आहे, पण दावा दाखल झाला हाच एक पुरावा होतो.

पोलिसांत जावं का? बऱ्याचदा "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतात आणि नुसतं नाव न बदलणं हा काही चोरीचा प्रकार नव्हे. तरीही गाडी कुणाकडे आहे हेच माहीत नसेल तर एक लेखी अर्ज ठाण्यात देऊन त्याची पोच ठेवा. एक मात्र कधीही करू नका. समोरच्याला धडा शिकवायचा म्हणून "गाडी चोरीला गेली" अशी तक्रार. असा सल्ला देणारे भेटतात. खोटी फिर्याद दिली की तुम्ही फिर्यादीचे आरोपी होता.

मधे एजंट किंवा गाड्यांचा दलाल असेल तर गुंता वेगळा. त्याने तुमचे कोरे फॉर्म पुढे कुणाला तरी दिलेले असतात आणि त्या कुणाचं नाव तुम्हाला ठाऊकच नसतं. अशा वेळी ज्याच्या हातात तुम्ही चावी दिली तोच तुमचा खरेदीदार. पत्रं, नोटीस सगळं त्याच्याच नावाने. पुढे विकली असेल तर कोणाला, हे त्याने सांगायचं. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम आलेत. आरटीओकडून अधिकृतता घेतलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९ सी भरून तसं पोर्टलवर कळवायचं असतं. ते झालं की पुढे गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी डीलरवर जाते. डीलरला गाडी देणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का? उत्तर द्यायला तो घुटमळला तर चावी खिशातच ठेवा.

चलान, पोलिसांचा फोन आणि समन्स

विक्रीनंतरचं चलान आलं तर त्यावरचा फोटो, ठिकाण, वेळ जपून ठेवा आणि ताबा पावती आणि आरटीओची पोच जोडून ऑनलाइन तक्रार नोंदवा. दोन-पाचशेच्या दंडासाठी एवढा खटाटोप कशाला, भरून टाकू, असं वाटतं. पण स्वतःहून दंड भरला की पुढे कुणी म्हणू शकतं, गाडी तुमची नव्हती तर दंड का भरलात? भरावाच लागला तर तो घेणाऱ्याच्या खात्यातून भरून घ्या.

पोलिसांचा फोन आला तर टाळाटाळ नको. कलम १३३नुसार गाडी त्या वेळी कोण चालवत होतं याची माहिती मालकाने द्यायची असते. तुमच्याकडे घेणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन्सची प्रत आणि ताब्याची तारीख-वेळ असेल तर हे काम अर्ध्या तासाचं आहे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं समन्स मात्र थेट वकिलाकडे न्या, त्याच आठवड्यात. "गाडी माझी नाहीच, मी कशाला जाऊ" म्हणून घरी बसलात तर निकाल एकतर्फी होतो. हजर होऊन सांगायचं: विक्री अमुक दिवशी झाली, हा पुरावा, घेणाऱ्याला आणि विमा कंपनीला पक्षकार करा. मघाशी सांगितलेला २०१८चा निकाल बघता तुमची सुटका होईलच असं नाही. पण विमा चालू असेल तर भार कंपनी उचलू शकते आणि करारात भरपाईचं कलम असेल तर घेणाऱ्याकडून वसुली मागता येते.

विम्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. गाडी विकली म्हणून नाव बदलण्याआधीच पॉलिसी रद्द करू नका. कलम १५७नुसार गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा घेणाऱ्याकडे गेला असं मानलं जातं. त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नाही केली तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा त्याचा अडकेल, ते त्याचं तो बघेल. थर्ड पार्टी कवच मात्र तुम्हालाही झाकतं आणि परताव्याच्या चार पैशांसाठी ते काढून फेकणं म्हणजे भर पावसात छत्री विकणं. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तेवढा तुमचा, गाडीचा नव्हे. विक्रीचे कागद दाखवून कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या. नव्या गाडीच्या विम्यात तीन वर्षांपर्यंत वापरता येतं आणि सूट ५० टक्क्यांपर्यंत असू शकते.

कागद अडतात त्या नेहमीच्या जागा

कर्ज फिटलं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, हे सगळ्यात नेहमीचं. कर्ज फिटल्यावर नोंद आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन ती काढावी लागते. बँकेच्या एनओसीवर मुदत लिहिलेली असते. ती उलटली असेल तर बँकेकडून नवी आणा.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ने दुसरी प्रत काढावी लागते आणि तो अर्ज नोंदणीकृत मालकालाच करावा लागतो. म्हणजे गाडी विकल्यावर घेणाऱ्याकडून हरवली तरी सही तुमचीच लागणार. सही जुळत नाही म्हणून अर्ज परत येणं हेही नेहमीचं. पंधरा वर्षांपूर्वी लफ्फेदार सही केलेली असते, आता नुसती आद्याक्षरं. जुन्या कागदावर बघून सही करा.

गाडी परराज्यात गेली असेल तर फॉर्म २८ने एनओसी लागते आणि ती विकणाऱ्याने ४५ दिवसांत पुढे पाठवायची असते. एनओसीच्या अर्जावर ३० दिवसांत होकार-नकार काहीच आला नाही तर कलम ४८नुसार ती दिली असं धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच इथेही सोडू नका. आणि मालक हयात नसतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, फॉर्म ३१ने. वडिलांच्या नावाची गाडी त्यांच्या जुन्या सह्यांचे फॉर्म वापरून विकणं ही सरळ बनावटगिरी आहे, घरातले कितीही म्हणोत "कोण बघतंय".

अजून विकायची असेल तर

घेणाऱ्याबरोबर बसून, त्याच बैठकीत, पोर्टलवर अर्ज भरून टाका. दोघांचे ओटीपी दोघांसमोर. अर्ज क्रमांक मिळाला की तुम्हीही तो रोज बघू शकता. चेसिसची पेन्सिल प्रिंट, म्हणजे चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, गाडी दारात उभी असतानाच घ्या. सह्या केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा. आधार-पॅनच्या प्रतीवर आडवं लिहा: "फक्त वाहन क्र. … च्या हस्तांतरणासाठी, दि. …".

ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि ओडोमीटरचं रीडिंग लिहा. त्या दिवशी दुपारी तुमचं एखादं चलान झालं असेल आणि संध्याकाळी त्याचं, तर हिशेब मिनिटाला लागतो. व्यवहार रोखीने नको. शक्य असेल तर थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवा, म्हणजे घेणाऱ्याने ती तुमच्याकडे जास्तीची ठेवायची आणि नवी आरसी दाखवून परत न्यायची. मी पुढच्या गाडीला हेच केलं. पहिला इच्छुक यावर नाराज होऊन निघून गेला, दुसऱ्याने हसून मान्य केलं आणि तेराव्या दिवशी आरसीचा फोटो पाठवून पैसे मागितले.

नाव बदलल्यावर

ओनर सिरियल बदलल्याचा स्क्रीनशॉट घ्या, नव्या आरसीची प्रत मागून घ्या, एमपरिवहन आणि डिजिलॉकरमधून ती गाडी काढून टाका. हस्तांतरणाच्या आधीच्या तारखेची काही चलानं राहिली आहेत का, ते पुन्हा एकदा तपासा, ती कधीकधी उशिरा चढतात. फाईल मात्र रद्दीत टाकू नका. तुमच्या नावाच्या काळात झालेल्या अपघाताचा दावा नाव बदलल्यानंतरही दाखल होऊ शकतो आणि त्या दिवशी तुम्हाला लागणारा कागद म्हणजे आवक शिक्क्याची ती एक प्रत.